गोष्ट पुरी करायची नाही

८ जानेवारी, गुरुवार

मुलीनं ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, मनात येईल ते लिहा. डॉक्टरांनीच सांगितलंय." मनात येईल ते लिहायची मला सवय नाही. बत्तीस वर्षं बॉयलर हाऊसमध्ये दर तासाला लॉगबुक लिहिलं. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, धुराड्याचं तापमान. मनात काय चाललंय असा रकाना त्यात नव्हता. तेव्हा जमतं तिथून सुरुवात करतो.

घराचा जिना: पायऱ्या बावीस. थांबे: एक.

उजव्या फुप्फुसात कॅन्सर. डॉक्टर माझ्या जावयाच्या वयाचे, पण बोलणं एकदम नीट. "सिगारेट?" कधीच नाही. "काम काय करत होता?" बॉयलर, पहिल्या वर्गाचा परवाना. "धुळीत काम होतं का?" मी म्हटलं, "बॉयलरपाशी कसली धूळ साहेब, तिथं आग असते." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं. ही, म्हणजे माझी बायको, शेजारीच बसली होती, फाईल छातीशी धरून. मी नाही म्हणून सांगितलं.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "माझ्या धाकट्याचं एक वेळ समजू शकते, त्याला सिगारेट होती. तुम्हाला तर चहाचंही व्यसन नाही. तुमच्याच वाट्याला का?" धाकटा म्हणजे हिचा भाऊ, माझा मेहुणा. चार वर्षांपूर्वी फुप्फुसानंच गेला. अकरा वर्षं माझ्या हाताखाली होता, मीच चिकटवला होता.

त्याचा विषय इथं काढायचं कारण नाही.

१४ जानेवारी, बुधवार

हॉस्पिटलात दर बुधवारी तीन वाजता आमच्यासारख्यांची बैठक असते. मुलीनं नाव घालून टाकलं, मला विचारलंही नाही. दुसऱ्या मजल्यावरची खोली, पूर्वी तिथं चादरी ठेवत असावेत, अजून साबणाचा वास येतो. प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या. नातेवाइकांनी बाहेर बाकावर बसायचं. ही बसली.

बैठक घेणाऱ्या मॅडमनी नियम सांगितले. आपली गोष्ट आपण सांगायची. सल्ला द्यायचा नाही. कोणी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. "आणि घरी जे तोंडातून फुटत नाही, ते आधी इथं सांगून बघा. मग घरी सोपं जातं."

माझ्याखेरीज चौघं. भूगोलाचे निवृत्त मास्तर. शिवणकाम करणाऱ्या एक बाई. बसचे कंडक्टर, अर्धा आवाज गेलाय पण टवाळकी शाबूत. आणि पोहायला शिकवणारी एक मुलगी. मुलगी म्हणजे छत्तीस-सदतीसची असेल. खांदे पैलवानासारखे आणि आत फुप्फुसं अशी. देवाला कोणीतरी जाब विचारायला हवा.

कंडक्टर मला म्हणाले, "या बॉयलरवाले, इथं उभ्यानं प्रवास नाही, सगळ्यांना सीट मिळते."

मी हसलो. महिनाभरात पहिल्यांदा. बाहेर जो तो मला धीर देतो आणि धीर दिला की माझं अंग जड होतं. इथं कोणी दिला नाही. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. ही बघत राहिली.

२८ जानेवारी, बुधवार

थांबे: एक. औषधाची पहिली फेरी झाली. तोंडाला नाणं चोखल्यासारखी चव.

मास्तर दर बुधवारी थोडंथोडं सांगायचे, आज पुरं केलं. तीस वर्षं वर्गात भरती-ओहोटी शिकवली, पण समुद्र कधी पाहिला नव्हता. स्कॅनचा निकाल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन गेले. "पुस्तकात आवाजाबद्दल काहीच लिहिलेलं नाही हो," म्हणाले. "तीस वर्षं मी मुलांना मुका समुद्र शिकवला." मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "बस. एवढंच होतं माझ्याकडे."

पोहणारीनं त्यांचा हात धरला.

४ फेब्रुवारी, बुधवार

मास्तर रविवारी गेले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

थांबे: दोन. हवा दमट आहे.

काल शिवणकामवाल्या बाई गेल्या. गेल्या बुधवारी त्या आम्हाला नातीच्या फ्रॉकांबद्दल सांगत होत्या. नात वर्षाची. त्यांनी तिला तीन फ्रॉक शिवून ठेवले. एक दोन वर्षांच्या मापाचा, एक चारच्या, एक सहाच्या. "सहाच्या पुढचं माप मला अंदाजानं येईना. तिची आई उंच आहे, बाप बुटका. म्हणून थांबले. झालं माझं." आणि सुई खोचावी तसा पदर नीट खोचला.

'झालं माझं.' मास्तर म्हणाले होते, 'एवढंच होतं.'

मी आकड्यांचा माणूस आहे, भुताखेतांचा नाही. पण लॉगबुकात एखादी गोष्ट दोनदा दिसली की तिसऱ्यांदा होईपर्यंत मी वाट बघत बसत नसे. मास्तरांनी गोष्ट पुरी केली, चार दिवसांत गेले. बाईंनी पुरी केली, सहा दिवसांत गेल्या. कंडक्टर दीड वर्षापासून येताहेत. त्यांची गोष्ट अजून दुसऱ्या थांब्यावरच आहे, कारण ते सारखे विनोदात घुसतात. ते ठणठणीत आहेत. ठणठणीत म्हणजे आमच्या हिशेबानं.

हिला सांगितलं नाही. ही वेड्यातच काढील.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज माझी पाळी होती. मॅडम म्हणाल्या, "तुमच्याबद्दल आम्हाला काहीच माहीत नाही."

मी सांगितलं. बॉयलर कसा पेटवतात, पाणी कमी झालं की शिट्टी कशी वाजते, वाफेचे नळ किती लांब. त्या नळांना आम्ही 'गोधडी' गुंडाळायचो, पांढरी, कापसासारखी, म्हणजे उष्णता बाहेर जात नाही. वर्षातून एकदा कारखाना बंद ठेवून जुनी गोधडी सुरीनं फाडून काढायची, हातानं कुस्करायची, नवी घालायची. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचो. मेहुणा त्या पिठानं माझ्या टकलावर बोटानं केस रेखायचा. सगळे हसले.

पोहणारी म्हणाली, "मग पुढं काय झालं, काका?"

मी म्हटलं, पुढचं पुढच्या वेळी.

खरं सांगायचं तर पुढचं सांगण्यासारखं आहे. पण सांगितलं की गोष्ट संपली. आणि गोष्ट संपली की काय होतं ते मी दोनदा पाहिलंय. मला जगायचंय, एवढं साधं आहे. यात कोणाला काही चुकीचं वाटत असेल तर वाटो.

दाराबाहेर ही बाकावर बसली होती. दार पुरतं लागत नाही त्या खोलीचं.

४ मार्च, बुधवार

थांबे: दोन, पण दुसरा लांबला.

आज मी एक जीव वाचवला.

पोहणारीनं गोष्ट सुरू केली. मागच्या तीन वेळा तिनं तलावाच्या, मुलांच्या गमती सांगितल्या होत्या. आज तिचा चेहराच वेगळा होता. डोळ्यांखाली काळं, आणि बोलताना दर वाक्याला थांबून हवा घ्यायची. म्हणाली, "हे मला घरी सांगायचंय, आधी इथं सांगते." तिला एक मोठी बहीण आहे. आई गेली तेव्हा ती बहीण दोन दिवस उशिरा आली. पोहणारीनं तिच्या तोंडावर दार लावलं. सहा वर्षं झाली, दोघींत शब्द नाही. पंधरा दिवसांपूर्वी बहिणीचं पत्र आलं.

"मी ते दोन आठवडे उघडलंच नाही. काल उघडलं. चार वेळा वाचलं. आणि मी ठरवलं की..."

तिच्या आवाजावरूनच कळलं. मास्तरांचा असाच लागला होता, बाईंचाही. पुढचं वाक्य म्हणजे शेवट.

मध्ये बोलायचं नाही असा नियम आहे. खोकू नये असा नियम नाही. मी खोकलो. खोटा. वाकून, छाती धरून, खुर्ची सरकवून. आमच्या खोलीत खोकला म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, सगळे उठले. मॅडम नर्सला बोलवायला धावल्या. मग खोट्याच्या पाठोपाठ खरा आला आणि त्यानं नाकी नऊ आणले. रुमालावर थोडं लाल.

पाठीवर एक हात होता, रुंद, थोपटत होता. पोहणारीचा. "काका, हळू. नाकानं घ्या, तोंडानं सोडा. घाई नाही." बैठक तिथंच मोडली. मी म्हटलं, तुझी गोष्ट राहिली. ती म्हणाली, "पुढच्या बुधवारी सांगते. तुम्ही असल्याशिवाय नाही सांगणार."

एक आठवडा मिळाला तिला. माझ्यामुळे.

११ मार्च, बुधवार

ती आली नाही. सोमवारी सकाळी गेली.

कंडक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठून सगळं सांगितलं. दोघांचं, तिचं, खोकल्याचं. वाटलं होतं टर उडवतील. त्यांनी उडवली नाही. म्हणाले, "अहो बॉयलरवाले, उलटं वाचलंत तुम्ही. उतरायची जागा जवळ आली की माणूस आपणहून सामान आवरतो. सामान आवरलं म्हणून गाडी थांबत नाही."

"मग तुम्ही का नाही आवरत?"

"माझं सामानच नाही," ते म्हणाले. "बायको केव्हाच गेली, मूलबाळ नाही. मी कोणाला काय सांगू? तुम्हाला आहे का कोणी?"

मी म्हटलं, माझी औषधाची वेळ झाली.

तिचं वाक्य राहून गेलं. 'मी ठरवलं की.' हे तीन शब्द घेऊन मी आठ दिवस फिरतोय. काय ठरवलं असेल?

१८ मार्च, बुधवार

थांबे: तीन. तिसऱ्यावर खाली बसलो.

बैठक संपताना पोहणारीचा नवरा आला. टॅक्सी चालवतो. इतके दिवस तो खाली गाडीतच थांबायचा, वर कधी आला नाही. दारात उभा राहून म्हणाला, "माफ करा, एकच विचारायचंय. ती म्हणाली होती, बहिणीच्या पत्राचं आधी तुम्हाला सांगणार, मग मला. मला सांगायचं राहिलं. बहीण आलीये. खाली गाडीत बसलीये. तिला एवढंच कळायला हवंय की हिनं..."

मॅडमनी जमिनीकडे पाहिलं. कंडक्टरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हो, हो. माफ केलं म्हणाली. स्पष्ट म्हणाली." नवऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्याला कळलं. तरी आभार मानले.

मी खाली गेलो. का, ते माहीत नाही. ही फाईल घेऊन मागून आली.

मागच्या सीटवर बहीण बसली होती. खांदे तसेच. मी काचेपाशी वाकून सांगितलं की तुमची बहीण पत्राबद्दल बोलत होती, चार वेळा वाचलं म्हणाली, काहीतरी ठरवलं होतं तिनं, आणि मी नेमका तेव्हा खोकलो.

"खोकल्याला कोण काय करणार, काका," ती म्हणाली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

इथंच थांबता आलं असतं. कोणाला कळलं नसतं. पण ती माझी समजूत घालायला लागली आणि मला ते सहन होईना. मी म्हटलं, "मुद्दाम खोकलो. खोटा."

"का?"

"तिनं गोष्ट पुरी केली तर ती जाईल असं वाटलं. ती जगावी म्हणून."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आणि माझं काय?" एवढंच विचारलं, अगदी हळू. मग काच वर केली.

घरी आल्यावर ही मटार सोलायला बसली. मला समोर बसवून म्हणाली, "तुम्ही भित्रे नाही. शिट्टी वाजत असताना बॉयलरच्या तोंडाशी जाणारा माणूस असल्या खुळचट गोष्टीला भीत नाही. तुम्हाला तुमचं काहीतरी सांगायचं नाहीये. काय आहे?"

आणि मी सांगितलं. इथंही लिहितो, कारण आता न लिहिण्यात अर्थ नाही.

अठरा वर्षांपूर्वी कंपनीनं मास्कची पेटी पाठवली होती, सोबत पत्रक. गोधडीची धूळ छातीत जाते, जन्मभर राहते, मास्क घातल्याशिवाय जुनी गोधडी काढू नये. बंदचे नऊच दिवस होते. त्या उकाड्यात मास्क लावला की माणूस तासाभरात बाहेर पळायचा, काम अर्ध्यावर यायचं. मी पेटी कपाटात टाकली आणि रजिस्टरात लिहिलं, 'मास्क वाटले', खाली सही. बत्तीस वर्षांत तेवढी एकच खोटी नोंद. धाकट्यानं पत्रक पाहिलं होतं. इंग्रजी होतं. त्यानं विचारलं, "भावोजी, काय लिहिलंय?" मी म्हटलं, "काही नाही रे, नेहमीचंच." तो कामाला लागला. पुढची सात वर्षं, दर बंदला, पेटी त्याच कपाटात होती.

हिचा हात थांबला नव्हता. एक शेंग, दाणे, साल. एक शेंग, दाणे, साल.

"त्याची सिगारेट?" हिनं विचारलं.

"सोडली होती. जाण्याआधी आठ वर्षं."

"तो मला सांगायचा. शपथा घ्यायचा. मी विश्वास ठेवला नाही." मग म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी त्याला बोलायचे तेव्हा तुम्ही तिथंच असायचात."

"हो."

हिनं सगळे मटार सोलून पुरे केले. साली कागदात गुंडाळल्या. हात धुतले. आतल्या खोलीत जाऊन दार लावलं.

२१ मार्च, शनिवार

बोलत नाही. जेवण वाढते, गोळ्या मोजून वाटीत ठेवते, पाणी ठेवते. मुलीचा फोन आला तर "बाबा बरे आहेत" म्हणून सांगते. मी दोनदा माफी मागायला गेलो. दोन्ही वेळा दुसऱ्या खोलीत निघून गेली.

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. मॅडम तसं म्हणतात. माझं हलकं झालं असेलही थोडं. ते सगळं आता हिच्यावर आहे, ते मला दिसतंय.

काल नवा स्कॅन झाला. डॉक्टरांनी हिला आधी बोलावलं, मला नंतर. यकृतातही आहे. मी डॉक्टरांना धुळीचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. "तेव्हाच्या बाकीच्या कामगारांची नावं देता का?" म्हणाले. एकोणीस नावं दिली. त्यातल्या चौघांना मलाच फोन करून सांगावं लागेल, त्यांचे पत्ते कंपनीकडे नाहीत. पहिला फोन उद्या करणार आहे. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं, तीनदा खोडलं.

२५ मार्च, बुधवार

आज हॉस्पिटलात लिफ्टनं नेलं. ही बाकावर बसली नाही. माझ्या पाठोपाठ आत आली आणि पोहणारीच्या खुर्चीवर बसली. मॅडम म्हणाल्या, "नातेवाइकांनी खरं तर..." कंडक्टर म्हणाले, "बसू द्या हो मॅडम, सीट रिकामी आहे."

हिनं विचारलं, "मी सांगू का?"

आणि सांगितलं. आई लवकर गेली म्हणून धाकट्याला हिनंच कसा वाढवला. त्याला भूक लागली की तो सरळ सांगायचा नाही, भांडी वाजवत बसायचा. पहिला पगार झाला तेव्हा त्यानं हिला चपला आणल्या, दोन्ही डाव्या पायाच्या, दुकानदारानं फसवलं होतं. ही ते सांगताना हसली आणि आम्हीही हसलो. चार वर्षांत त्याच्याबद्दल हसलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग शेवटचे महिने. त्याला बोलताना धाप लागायची. तो म्हणायचा, "ताई, सोडून आठ वर्षं झाली गं." ही म्हणायची, खोटं बोलू नकोस. "शेवटच्या दिवशी त्यानं पाणी मागितलं. मी पाजलं. आणि पाजताना म्हणाले, हे तू स्वतःच्या हातानं केलंस. त्यानं पाणी गिळलं आणि हो म्हणाला. भांडायची ताकद नव्हती म्हणून हो म्हणाला. दुपारी गेला."

मला वाटलं, झालं. पण झालं नव्हतं. ही माझ्याकडे वळली. आठ दिवसांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत पाहिलं.

"त्याला बोलले ते चुकीच्या माणसाला बोलले," ही म्हणाली. "आता तुमच्याकडेही फार दिवस नाहीत, डॉक्टरांनी मला सांगितलंय. लोक म्हणतील, आजारी माणसाला बोलू नये. पण तुम्ही गेल्यावर मी कोणाला बोलू? म्हणून आज बोलते, सगळ्यांसमोर. हे तुम्ही केलंत. त्याचं तुम्ही केलंत, आणि स्वतःचंही."

मी हो म्हणालो.

"आणि अजून मी तुम्हाला माफ केलेलं नाही. कधी करीन, करीन की नाही, ते मला माहीत नाही. ते कळेपर्यंत जगा."

मॅडम रडत होत्या. कंडक्टरांनी विनोद केला नाही.

संध्याकाळचे सात वाजलेत. लिहायला दम लागतोय, अक्षर बिघडलंय. ही स्वयंपाकघरातून हाक मारतेय, गोळ्यांची वेळ झाली. आवाज कोरडा आहे, पहिल्यासारखा नाही. आज दुसऱ्यांदा हाक मारतेय. जातो.